सॉफ्टवेअर काढलं, फोल्डर हटेना: या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याचा पीसी उघडून पाहा. लग्नपत्रिकांसाठी कधीकाळी टाकलेलं फॉन्टचं पॅकेज, त्याच्या डोंगलचा (ते चालायला पीसीला लावावी लागणारी चावी) ड्रायव्हर, दोन पीडीएफ कन्व्हर्टर, संपलेला अँटिव्हायरस, सगळं 'काढून टाकलेलं' आणि तरीही तिथंच. जेल रोडच्या दुकानात नेलात तर उत्तर ठरलेलं असतं, "भिया, फॉर्मेट मार देते हैं." बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन फोल्डरच उडवणं. अनइन्स्टॉलर बहुधा त्याच फोल्डरमध्ये असतो. तो गेला की सेटिंग्जच्या यादीत नाव तसंच राहतं आणि अनइन्स्टॉल दाबलं की एरर. यावर उपाय म्हणजे तीच आवृत्ती त्याच जागी पुन्हा टाका आणि मग रीतसर काढा. सेटअप हाताशी नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट मिळतो. तो अशा अडकलेल्या नोंदी साफ करतो.

फोल्डर 'वापरात आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्याशी कुस्ती खेळू नका. त्या सॉफ्टवेअरचा एखादा भाग अजून चालू असतो. आधी रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे! विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा गाभा हायबरनेट होऊन जसाच्या तसा परत येतो. 'पुढच्या सुरुवातीला पुसायच्या' म्हणून ठेवलेल्या फाइल्स खऱ्या रीस्टार्टलाच जातात. तरीही हटेना, तर सर्व्हिसेसच्या (मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत त्या कंपनीचं नाव शोधा, सर्व्हिस थांबवा, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्युलरही बघा. अपडेटरची टास्क तिथं दडून बसते. राइट-क्लिकच्या मेनूत त्या सॉफ्टवेअरचं नाव अजून दिसत असेल, तर फाइल खुद्द एक्सप्लोररनं, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्याच प्रोग्रामनं, धरलेली असू शकते. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (जिथं विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं) जा आणि तिथून फोल्डर काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, नाहीतर भलतंच लफडं.

डोंगलचा ड्रायव्हर मात्र सर्व्हिसेसच्या यादीत सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. फिकट दिसणारी जुनी नोंद ओळखून तेवढीच अनइन्स्टॉल करा.

उरलेलं सगळं कचराच, हाही गैरसमज. थंडरबर्डचा मेल आणि फायरफॉक्सचे बुकमार्क, पासवर्ड तुमच्या यूजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये असतात आणि प्रोग्राम काढल्यावर ते मुद्दाम मागे ठेवलेले असतात. म्हणून मी अशा फोल्डरचं आधी नुसतं नाव बदलते. आठवडाभर कुणी ओरडलं नाही, तर मग डिलीट. विंडोज फोल्डरमधल्या लपवलेल्या 'इन्स्टॉलर'ला मात्र हात लावू नका, तो कितीही जीबी खाऊ दे. त्यातल्या फाइल्स गेल्या की बाकीची सॉफ्टवेअरं ना अपडेट होतात ना निघतात. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात, त्याही राहू द्या. त्या वेगवेगळ्या प्रोग्रामना लागतात.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारे क्लीनर? नकोच. मायक्रोसॉफ्टचा अशा टूल्सना पाठिंबा नाही, आणि उरलेल्या चार नोंदींनी पीसी मंदावतही नाही. एखादी नोंद काढायचीच असेल, तर आधी ती एक्सपोर्ट करून ठेवा.

अँटिव्हायरसची गोष्ट वेगळी. तो स्वतःचं रक्षण करायलाच बनवलेला असतो. त्याच्या कंपनीच्या साइटवर वेगळं रिमूव्हल टूल असतं का बघा आणि तेच वापरा. काम झाल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर चालू झालाय ना, हे पाहा. जुन्याची अर्धवट नोंद राहिली, तर विंडोजला तो अजून पहाऱ्यावर आहे असं वाटतं आणि डिफेंडर बंदच राहू शकतो.