'रन'चा अर्थ वाक्यातून कसा काढायचा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा अर्थांच्या संख्येत 'सेट' हे क्रियापद सर्वांत पुढे होतं. त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद नव्याने लिहून झाली आणि 'सेट' मागे पडलं. 'रन'च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. कोशकार पीटर गिलिव्हर त्या एका नोंदीवर नऊ महिने काम करत होते.

ही यादी पाठ करण्याच्या फंदात पडू नये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही ती पाठ नसते. ते शब्दाच्या आजूबाजूला बघतात: कर्ता कोण, कर्म आहे का, आणि मागे कुठलं शेपूट, म्हणजे 'अप', 'आउट'सारखा छोटा शब्द, लागलंय. या तीन जागा बघायची सवय लागली की बहुतेक वाक्यं कोश न उघडता सुटतात.

त्याआधी एक समीकरण मोडावं लागेल. 'रन म्हणजे धावणे' हे शाळेत इतकं घट्ट बसतं की पुढे 'ताप धावतोय', 'हा आजार कुटुंबात धावतो' अशी भाषांतरं सहज हातून जातात. 'रन'च्या मुळाशी दोन कल्पना आहेत: वाट धरून पुढे सरकणं आणि खंड न पडता चालू राहणं. मराठीत या दोन्ही सांभाळणारं क्रियापद आहे 'चालणे'. दुकान चालतं, यंत्र चालतं, नाटक शंभर प्रयोग चालतं, खटला चालतो. म्हणून अनोळखी वाक्यात आधी 'चालणे' घालून बघा. नाही बसलं तर 'वाहणे', मग 'जाणे'. 'धावणे' शेवटी, आणि तेही कर्त्याला पाय असतील तर.

कर्ता बघा

कर्ता द्रव असेल तर 'वाहणे'च्या घरातलं क्रियापद लागतं, पण कोणतं ते द्रवावर ठरतं. नदी वाहते, नाक गळतं, काजळ ओघळतं. भिंतीला दिलेल्या ओल्या रंगाबद्दल 'द पेंट रॅन' म्हटलं तर रंगाचे ओघळ आले. धुतलेल्या कपड्यांबद्दल 'द कलर्स रॅन' म्हटलं तर रंग गेला आणि दुसऱ्या कपड्याला लागला.

रस्ता, भिंत, तार, व्रण अशी लांबट वस्तू कर्ता असेल आणि पुढे 'फ्रॉम… टू', 'अलाँग' किंवा 'थ्रू' असेल, तर तिथे काहीच हलत नाही. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' म्हणजे रस्ता नदीकाठाने जातो.

बस, ट्रेन, फेरीबोट कर्ता असेल तर वेगाचा संबंध नसतो, वेळापत्रकाचा असतो. 'द बस रन्स एव्हरी टेन मिनिट्स' म्हणजे दर दहा मिनिटांनी बस आहे. करार, परवाना, सिनेमा, प्रदर्शन यांच्यामागे बहुधा कालावधी येतो: करार तीन वर्षांचा आहे, सिनेमा दोन तासांचा आहे. इथे मराठीत साधं 'आहे' पुरतं आणि तेच चांगलं दिसतं. अहवाल 'रन्स टू थ्री हंड्रेड पेजेस' असेल तर तो ३०० पानांचा आहे.

आजार, स्वभाव किंवा कलेची जाण कर्ता असून पुढे 'इन द फॅमिली' आलं, तर 'त्यांच्या घराण्यातच आहे' असं म्हणायचं.

मग कर्म शोधा

इंग्रजीत 'रन' तेच राहतं आणि मागे कर्म चिकटतं. मराठीत क्रियापदच बदलतं: चालणे–चालवणे, फिरणे–फिरवणे, पळणे–पळवणे. ही जोडी मनात ठेवली की 'द मशीन इज रनिंग' आणि 'शी इज रनिंग द मशीन' यांत गोंधळ होत नाही.

पण सकर्मक 'रन'चं भाषांतर प्रत्येक वेळी 'चालवणे' होत नाही. संस्था, दुकान, वर्ग चालवतात. तपासण्या करतात. टबात पाणी सोडतात. केसांतून कंगवा फिरवतात. वर्तमानपत्र बातमी छापतं, वाहिनी ती दाखवते. 'रन अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणं, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणं, 'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणं, 'रन अ‍ॅन एरंड' म्हणजे कोणाच्या किरकोळ कामासाठी जाऊन येणं. 'रन गन्स' म्हणजे शस्त्रांची चोरटी आयात. कर्म माणूस असेल आणि पुढे ठिकाण असेल, जसं 'आय विल रन यू टू द स्टेशन', तर बोलणारा गाडीने स्टेशनवर सोडायची तयारी दाखवतोय.

कर्म नाही, पण 'रन'च्या लगेच मागे विशेषण आहे, ही तिसरी शक्यता बरेच जण विसरतात. 'रन ड्राय', 'रन लो', 'रन शॉर्ट', 'रन लेट', 'रन वाइल्ड', 'रन हाय'. इथे 'रन' जवळजवळ 'होणे'चं काम करतं आणि सगळा अर्थ विशेषणात असतो: विहीर आटली, साठा कमी झाला, उशीर होतोय, पोरं मोकाट सुटली, वातावरण तापलं.

शेपटाची परीक्षा

सर्वांत जास्त चुका होतात त्या 'अप', 'डाउन', 'आउट', 'ओव्हर', 'इनटू', 'थ्रू' या शेपटांपाशी. कारण हेच शब्द कधी नुसती दिशा दाखवतात, तर कधी 'रन'शी एकजीव होऊन वेगळाच अर्थ देतात. दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'ही रॅन अप द स्टेअर्स' आणि 'ही रॅन अप अ डेट'. पहिल्यात तो जिना धावत चढला. दुसऱ्यात त्याने कर्ज करून ठेवलं.

ओळखायची पद्धत अशी. शेपटामागचं नाम काढा, त्या जागी 'इट' किंवा 'देम' घाला आणि हे सर्वनाम कुठे बसतं ते बघा. कर्जाच्या वाक्यात ते मध्ये शिरतं: 'रॅन इट अप'. जिन्याच्या वाक्यात मागेच राहतं: 'रॅन अप देम'. सर्वनाम मध्ये शिरलं की समजायचं, शेपूट क्रियापदाचा भाग आहे आणि नुसत्या 'रन'चा अर्थ सोडून द्यायचा. 'रॅन डाउन द हिल' म्हणजे टेकडी उतरला, आणि 'रॅन हिम डाउन' म्हणजे एकतर त्याला गाडीने उडवलं किंवा त्याची निंदा केली. यातलं कुठलं, ते वाक्यात वाहन आहे की बोलणं, यावरून कळतं.

ही परीक्षा 'इनटू'ला लागू पडत नाही, कारण तिथे सर्वनाम कधीच मध्ये येत नाही. तिथे मागचं नाम बघायचं. माणूस असेल तर अचानक गाठ पडली, भिंत किंवा खांब असेल तर धडक बसली, अडचण असेल तर ती उभी राहिली, आणि रक्कम असेल तर खर्च तेवढ्यावर गेला. वाहन कर्ता असून पुढे माणूस आला तर मात्र धडकच.

'आउट'चं प्रकरण जरा मोठं आहे. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' आणि 'द मिल्क रॅन आउट' यांचा अर्थ एकच: दूध संपलं. कर्ता बदलला तरी मराठीत काही बदलायला नको. 'ऑफ'च्या मागे संपणारी गोष्ट नसून जागा असेल तर मात्र खरोखरच कोणीतरी बाहेर धावत गेलंय: 'ही रॅन आउट ऑफ द हाउस'. व्हिसा किंवा मुदत कर्ता असेल तर ती संपते. 'आउट'ला 'ऑन' जोडून मागे माणूस आला तर तो त्या माणसाला वाऱ्यावर सोडून गेला. आणि क्रिकेटच्या बातमीत 'वॉज रन आउट' दिसलं तर फलंदाज धावबाद झाला.

'ओव्हर'ही असंच फसवतं. मीटिंग 'रॅन ओव्हर' म्हणजे लांबली, टब 'रॅन ओव्हर' म्हणजे भरून वाहिला, 'रॅन हिम ओव्हर' म्हणजे त्याच्या अंगावर गाडी गेली, आणि 'लेट्स रन ओव्हर द मेन पॉइंट्स' म्हणजे मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवू. 'थ्रू'मध्ये तर एका टोकाला तालीम आहे आणि दुसऱ्या टोकाला तलवारीने आरपार भोसकणं. सुदैवाने दोन्ही एकाच परिच्छेदात क्वचितच येतात.

आता एक वाक्य पूर्ण सोडवू: 'द अ‍ॅड रॅन फॉर सिक्स वीक्स बिफोर द मनी रॅन आउट, अँड बाय देन द कंपनी हॅड रन अप अ ह्यूज डेट.' पहिला 'रॅन': कर्ता जाहिरात, कर्म नाही, पुढे कालावधी. म्हणजे जाहिरात सहा आठवडे चालू होती. दुसरा: कर्ता पैसा, शेपूट 'आउट', म्हणजे पैसे संपले. तिसरा: 'हॅड'मुळे 'रन' हे रूप आलं, शेपूट 'अप', मागे कर्ज, 'रन इट अप' चालतं, म्हणजे कर्ज करून ठेवलं होतं. एकत्र: 'जाहिरात सहा आठवडे चालली, मग पैसे संपले, तोवर कंपनीच्या डोक्यावर मोठं कर्ज झालं होतं.' तिन्हींत 'धावणे' कुठेच नाही.

'हॅव', 'हॅज', 'हॅड' किंवा 'इज', 'वॉज' यांच्यामागे आलेलं 'रन' हे वर्तमानकाळाचं नसतं. 'द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट' म्हणजे शाळा ट्रस्ट चालवतो. 'बाय' दिसलं की कर्ता तिथे आहे, आणि मराठीत त्याला पुढे आणून वाक्य सरळ करणं चांगलं. 'ट्रस्टद्वारे चालवली जाते' हे टाळा.

नाम असेल तर

आधी 'अ', 'द' किंवा 'अनदर' आहे का बघा. मग मागचं शब्दयोगी. 'अ रन ऑफ' म्हणजे सलग: ओळीने पाच विजय, ओळीने वाईट दिवस. 'अ रन ऑन' म्हणजे झुंबड. बँकेच्या बाबतीत ठेवी काढून घेण्यासाठी लागलेली रीघ. 'द रन ऑफ द हाउस' म्हणजे घरभर मोकळेपणी वावरायची मुभा. 'ऑन द रन' म्हणजे फरार. 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, शेवटी. 'ट्रायल रन' म्हणजे चाचणी, आणि 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. नुसतं 'द रन्स' अनेकवचनात आणि दुखण्याच्या संदर्भात आलं तर जुलाब. क्रिकेटच्या धावा त्याच रूपात येतात, त्यामुळे विषय न बघता हात घालू नये.

अमेरिकेत 'रन' म्हणजे लहान ओढाही होतो. यादवी युद्धातल्या १८६१ आणि १८६२ च्या दोन लढाया व्हर्जिनियातल्या 'बुल रन' ओढ्याकाठी झाल्या. तिथे बैलही धावले नाहीत आणि कोणी धावाही काढल्या नाहीत. अमेरिकी उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो; मराठीत दोघेही उभेच राहतात.

जोडून लिहिलंय, आडवी रेघ आहे की सुटं आहे, हेही बघत जा. 'रन डाउन' सुटं असेल तर बहुधा क्रियापद, मध्ये रेघ असेल तर बहुधा विशेषण (मोडकळीला आलेली इमारत, थकलेला माणूस), आणि 'द' लागलेलं 'रनडाउन' म्हणजे थोडक्यात माहिती. रेघेचं 'रन-इन' म्हणजे खटका उडणं. 'रन-ऑफ' म्हणजे निवडणुकीत मतांनी निकाल न लागल्यावर होणारी पुढची फेरी. शेती-पाण्याच्या मजकुरात तेच जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी. 'थ्री डेज रनिंग' मधलं 'रनिंग' नामाच्या मागे आहे, म्हणून सलग तीन दिवस. 'रनिंग वॉटर'मध्ये ते नामाच्या आधी आहे, म्हणून वाहतं पाणी, आणि घराच्या वर्णनात नळाचं पाणी.

काही ठिकाणी मराठीने 'धाव' मुद्दाम राखलाय आणि तिथे शहाणपणा करू नये: धावपट्टी, धावबाद, धावते समालोचन, शिवणकामातला धावदोरा. संगणकाच्या बाबतीत 'प्रोग्रॅम रन करा' सगळ्यांना कळतं, ते तसंच ठेवा.

कोश उघडायची वेळ आली तर

पहिल्या अर्थावर थांबू नका. शेपूट असेल तर थेट नोंदीच्या शेवटी जा, शेपटाची क्रियापदं तिथे वेगळी दिलेली असतात. शेपूट नसेल तर सकर्मक-अकर्मकाची खूण बघा. लाँगमन आणि केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशांत ती 'टी' आणि 'आय' या अक्षरांनी असते, आणि निम्मी नोंद तिथेच गळते. त्यानंतर प्रत्येक अर्थाआधीचे छोटे ठळक शब्द वरवर वाचा आणि तुमचा कर्ता ज्याखाली बसतो तेवढाच भाग नीट वाचा. वहीत उतरवताना 'रन = चालवणे' असं लिहू नका, ते पुढच्या वाक्यात दगा देतं. कर्ता, रन, शेपूट आणि कर्म अख्खं उतरवा आणि समोर मराठीचंही अख्खं वाक्य ठेवा.