तिसऱ्या तपासायला पाठवताना

आमच्याकडे पाहुणा आला की दाभोळ खाडीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे चिखलातल्या शिंपल्यांचं, सुकं होतंच. आई आणि काकी अजून ओहोटीला चिखलात उतरतात. खाडीला कारखान्यांचं पाणी मिळतं, म्हणून त्या तिसऱ्यांत जड धातू किती, हे मला जाणून घ्यायचं होतं. मी रसायनशास्त्र शिकवते, तरी पहिला नमुना वाया गेला. तिसऱ्या घरच्या विळीवर उघडल्या आणि पात्याचं लोखंड मांसाला लागलं.

आता विळी नाही की सुरी नाही. तिसऱ्या आधी गोठवायच्या. बर्फ सुटला की शिंपा आपोआप उघडतो, मग प्लास्टिकच्या चमच्याने मांस काढायचं.

त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. साधारण एकाच मापाच्या तीस-चाळीस तिसऱ्या घ्या. स्वयंपाकाआधी ठेवतो तशा दिवसभर पाण्यात ठेवा, पण नळाच्या नाही, त्याच खाडीच्या गाळून घेतलेल्या पाण्यात. त्या पोटातली माती बाहेर टाकतात. नाहीतर मांसाच्या नावाखाली चिखलच मोजला जातो. मांसात मुरलेलं शिसं, कॅडमियम मात्र याने जात नाही, उकळूनही जात नाही. आईला हे सांगणं मला फार जड गेलं.

तिसऱ्यांसोबत खाडीचा गाळही तपासायला पाठवायचा, आणि तो तिसऱ्यांच्याच जागेचा हवा. अमावास्येच्या ओहोटीला वरचा दोन बोटं थर उचलायचा. वाळू टाळा. धातू धरून ठेवतो तो चिमटीत लोण्यासारखा लागणारा बारीक गाळ. गाळात लोखंड जास्त निघालं म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नका, आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडातच ते भरपूर असतं. म्हणून सांडपाणी न येणाऱ्या जवळच्या खाडीचाही गाळ सोबत पाठवायचा.

अहवाल हातात आला की आधी बघा, आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या. तिसऱ्यांच्या मांसात साधारण 80 टक्के पाणी, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा पाचपट दिसतो. खाण्याची मर्यादा ओल्या वजनावर धरतात. युरोपात शिंपल्यांसाठी ती किलोमागे कॅडमियम 1 मिलिग्रॅम, शिसं 1.5 मिलिग्रॅम अशी आहे. सुक्यावर कॅडमियम 4 आलं तर ओल्यावर 0.8 होतं, म्हणजे मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

एका नमुन्यावर थांबू नका. पावसाच्या लोंढ्याने खाडीचा गाळ हलतो. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर कार्तिकात एकदा, त्याच जागी जा. मी तिथे बांबू रोवून ठेवलाय.