कँकमॉगसची 55 किलोमीटर: न्यू हॅम्पशायरची पानगळ गाडीतून कशी बघावी

बॉस्टन-न्यू जर्सीकडची मराठी मंडळी नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास पानं बघायला उत्तरेला निघतात आणि एका दिवसात तीन राज्यं उरकायला जातात. तसं करू नका. एकच रस्ता निवडा आणि सबंध दिवस त्याला द्या. आमची निवड व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनातून जाणारा रूट 112, म्हणजेच कँकमॉगस हायवे. पूर्वेचं कॉनवे ते पश्चिमेचं लिंकन, 34.5 मैल, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर. मधली खिंड 2,855 फुटांवर. नाव इथल्या मूलनिवासी पेनाकूक लोकांच्या एका प्रमुखाचं. लिहिताना 'मॅगस' दिसतं, पण स्थानिक लोक 'मॉगस' म्हणतात.

तारीख कशी ठरवायची

रंग वरून खाली उतरतात. खिंडीच्या आसपास सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तर कॉनवेच्या खोऱ्यात साधारण ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. म्हणून नेमका 'पीक'चा, म्हणजे रंग ऐन भरात असण्याचा, दिवस गाठायचा हट्ट धरू नका. वर झाडं ओकीबोकी झालेली दिसली तर खाली नदीकाठी थांबा; खाली अजून हिरवं असेल तर दुपार खिंडीत घालवा. उंचीतल्या या फरकामुळे दोन-अडीच आठवडे इथे कुठे ना कुठे रंग सापडतोच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते. तो शनिवार-रविवार मात्र टाळा, गाडीला गाडी लागलेली असते. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात चांगले.

दिवस लहान झाले की पानात हरितद्रव्य बनणं थांबतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. बर्चचं पिवळं ते हेच. मेपलचा लाल रंग मात्र पान त्याच दिवसांत नव्याने तयार करतं, आणि त्याला ऊन लागतं. खाली पडलेलं एखादं लाल पान उचलून बघा. त्याच्यावर दुसऱ्या पानाची सावली पडत होती तेवढाच भाग पिवळा राहिलेला असतो, अगदी कडा कापून ठेवल्यासारखा. लख्ख दिवस आणि गोठणबिंदूच्या वरच राहणाऱ्या थंड रात्री मिळाल्या की लाल चढतो. आठवडाभर ढग राहिले तर ते वर्ष पिवळ्यावर भागतं. ओक सगळ्यांत शेवटी रंगतो, तोही तपकिरी-तांबूस.

निघण्याआधी

या 55 किलोमीटरांत पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही आणि फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. कॉनवेत टाकी भरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. 'पुढच्या वळणावर भेटू' असं दुसऱ्या गाडीला फोनवर सांगता येणार नाही, म्हणून थांबे आणि वेळा आधीच ठरवा. जेवण बरोबर हवंच: दशम्या, चटणी आणि थर्मासभर चहा. सकाळी थंडी गोठणबिंदूजवळ जाते, तेव्हा मोजे आणि कानटोपी डिकीत नको, हाताशी ठेवा. धबधब्यांच्या काही वाहनतळांवर दिवसाची फी असते. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे आणि फाडलेली चिठ्ठी गाडीच्या काचेमागे लावायची. मोड द्यायला तिथे कुणी नसतं. 5 डॉलरच्या एक-दोन नोटा सुट्ट्या ठेवा.

कुठून कुठे

बॉस्टनहून कॉनवे सुमारे अडीच तास. आदल्या रात्री तिथे मुक्काम केलात तर सकाळी सातला रस्त्यावर असाल. पूर्वेकडून निघायचं कारण सरळ आहे: सूर्य पाठीशी राहतो. उलट आलात तर तासभर ऊन डोळ्यांत आणि काचेवर.

पहिल्या दहा-पंधरा मैलांत स्विफ्ट नदी सोबत असते. आधी ऑल्बनीचा छपराचा लाकडी पूल, मग लोअर फॉल्स, मग रॉकी गॉर्ज. वेळ कमी असेल तर लोअर फॉल्स सोडा, रॉकी गॉर्ज नको. तिथला पादचारी पूल ओलांडलात की मागे फॉल्स पाँड लागतं. वारा सुटण्याआधी, म्हणजे नऊच्या आत, त्याच्या पाण्यात समोरचं अख्खं रान उलटं उतरलेलं असतं. पुढे सॅबडे फॉल्स. वाट अर्ध्या मैलापेक्षा कमी, आजी-आजोबांनाही झेपेल अशी.

फोटोसाठी एकच वस्तू न्या, पोलरायझर फिल्टर. पानांवरची पांढरी चकाकी घालवतो आणि खालचा रंग वर येतो. ओल्या पानांवर तर फरक लगेच दिसतो. ढगाळ दिवसाने हिरमुसू नका. जंगलाच्या आतले फोटो त्याच उजेडात चांगले येतात, फक्त आकाश चौकटीबाहेर ठेवा.

दुपारी खिंड ओलांडून लिंकन वूड्सला उतरा. झुलता पूल पार केला की जुन्या लाकूडवाहू रेल्वेची सपाट वाट लागते, काही ठिकाणी स्लीपर अजून जमिनीत दिसतात. मुलांना मोकळं सोडायला जागा छान. मग पंधरा-वीस मिनिटांत परत वर, पेमिजवॅसेट ओव्हरलुकला, म्हणजे देखावा बघायच्या थांब्यावर. तो पश्चिमेकडे उघडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. पाऊण तास आधी पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

चुका कुठे होतात

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुंदर झाड दिसलं की ब्रेक मारणं. मागचा चालकही झाडच बघत असतो. थांबायचं ते फक्त ठरलेल्या जागी, चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर. पावसानंतर रस्त्यावर चिकटलेली पानं बर्फासारखी निसटतात. हँकॉक ओव्हरलुकचं वळण हेअरपिनचं आहे, तिथे आधीच खालच्या गिअरमध्ये या. उतारभर ब्रेक दाबून धरला तर तो तापून ढिला पडतो.

सूर्यास्तानंतर लिंकनकडे उतरताना मूस, म्हणजे हरणाच्या कुळातलं प्रचंड जनावर, रस्त्यावर येतो. हरणाचे डोळे दिव्यात चमकतात. मूस इतका उंच की त्याचे डोळे बहुधा दिव्याच्या झोताच्या वर राहतात आणि अंग काळपट. धडकलात तर पाय मोडून सगळं धड काचेवर येतं. त्यामुळे वेग इतकाच ठेवा, की दिव्याच्या उजेडात दिसणाऱ्या अंतरात गाडी थांबेल.