आजोबांच्या खोगिरांची किंमत अशी काढली

नागपुरातल्या महाल भागातल्या घराच्या माळ्यावर आजोबांची तीन खोगिरं सापडली, पण त्यांची किंमत कुणी सांगेना. इतवारी बाजारात नुसतं चामडं म्हणून भाव मिळाला, तर ऑनलाइन जाहिरातींतले आकडे एकमेकांशी जुळेनात. दोन महिने नुसता वैताग.

शेवटी जमलं ते याच क्रमाने. आधी काही न पुसता फोटो काढले, कारण तेल-पॉलिशने शिक्के बुजतात. मग खोगिराचा पुढचा उंचवटा पोटाला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली. थोडं लवचीक चालतं. पण करकरलं किंवा मधेच दुमडलं तर आतला लाकडी सांगाडा मोडलेला. तसं खोगीर घोड्यावर घालूच नये, ते फक्त शोभेचं. आमचं एक तसंच निघालं.

मग रिकिबीचा पट्टा अडकतो ती लोखंडी पट्टी आणि झापेची (बाजूला लोंबणाऱ्या चामड्याची) आतली बाजू टॉर्च तिरपा धरून पाहिली. एकावर बाणाची खूण उमटली. ही ब्रिटिश सरकारी मालाची. नागपूरजवळच्या कामठीची ब्रिटिश लष्करी छावणी १८२१ची, म्हणून नवल वाटलं नाही. दुसऱ्यावर ‘वॉल्सॉल’, इंग्लंडातलं खोगिरांसाठी प्रसिद्ध गाव.

या खुणांवरून तशाच, तितक्याच शाबूत खोगिरांचे प्रत्यक्ष विक्रीचे भाव शोधले. मागितलेले भाव धरले नाहीत. आकडे लगेच जुळले. बाणाचं खोगीर मात्र घरीच ठेवतोय.