दर्जा गेल्यानंतर आई-वडिलांमार्फत अमेरिकेचे ग्रीन कार्ड : अर्ज कसा करावा

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने शिक्षण अर्धवट सोडले किंवा पर्यटक म्हणून आलेल्याची मुक्कामाची मुदत उलटून गेली, की आता सारे संपले असे घरच्यांना वाटू लागते. आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक असतील, तर वाट बंद झालेली नसते. मात्र मुलाचे वय, त्याचे लग्न आणि त्याचा अमेरिकेतील प्रवेश या तीन गोष्टी आधी तपासाव्यात, कारण पुढचे सारे त्यांवरच ठरते.

मूल २१ वर्षांखालील व अविवाहित असेल आणि अधिकाऱ्याने तपासून रीतसर आत घेतलेले असेल, तर केवळ दर्जा (अमेरिकेत कायदेशीर राहण्याची परवानगी) गेला किंवा परवानगीविना नोकरी केली म्हणून अमेरिकेत राहून अर्ज करण्याची मुभा जात नाही. प्रवेशाचा पुरावा म्हणून आय-९४ नोंद व पासपोर्टवरील शिक्का जपून ठेवावा. नाते सिद्ध करणारा पालकांचा आय-१३० आणि ग्रीन कार्ड मागणारा मुलाचा आय-४८५ हे अर्ज एकत्र देता येतात. आय-१३० दाखल होतो त्या दिवशीचे वय धरले जात असल्याने एकविसावा वाढदिवस जवळ आला असेल, तर एक दिवसही दवडू नये आणि ग्रीन कार्ड मिळेपर्यंत लग्न करू नये.

पालकांकडे अजून ग्रीन कार्डच असेल, तर दर्जा गमावलेल्या मुलाला ही सवलत सहसा मिळत नाही. अशा वेळी आय-१३० लगेच दाखल करावा आणि पालकांची ग्रीन कार्डावरील पाच वर्षे भरत आली असल्यास नागरिकत्वाचा अर्जही लांबवू नये. तो मुदतीच्या ९० दिवस आधी देता येतो. अविवाहित मूल २१ वर्षांचे होण्यापूर्वी पालकांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, तर वय त्या दिवशीचे धरतात.

एकविशी उलटली असेल, तर मात्र ग्रीन कार्डासाठी अनेक वर्षांची रांग आणि बहुधा भारतात येऊन मुलाखत. येथेच अनेकांचा घात होतो. वयाच्या १८ वर्षांनंतर १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य झालेले असताना देश सोडला, तर तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक झाले असल्यास दहा वर्षे परत प्रवेश मिळत नाही. मुलाच्या गैरहजेरीत आई-वडिलांना असह्य हाल सोसावे लागतील असे दाखवून आय-६०१ए ही माफी मागता येते, पण ती अमेरिका सोडण्यापूर्वीच पदरात पडली पाहिजे. आजी आजारी असल्याचा फोन आला तरी वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नये, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

कागदपत्रांत मराठी घरांची एक खास अडचण येते. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो; कधी आईचे माहेरचे नाव असते आणि तिच्या पासपोर्टवर लग्नात बदललेले. महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव आधी नोंदवून घ्यावे, नावबदलासाठी विवाहाचा दाखला जोडावा आणि मराठी दाखल्याबरोबर भाषांतरकाराच्या सहीचे इंग्रजी भाषांतर द्यावे. वडील अर्जदार असतील, तर विवाहाचा दाखला लागतोच. पालकांचे आर्थिक हमीपत्र आय-८६४ आणि डॉक्टरांचा तपासणी अहवाल आय-६९३ हेही आय-४८५ बरोबरच पाठवावेत.

नोकरीच्या कागदावर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकोनात कधी खूण केली असेल, किंवा इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस आलेली असेल, तर कोणताही अर्ज टपालात टाकण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला ते सर्व कागद दाखवावेत.