बेळगावच्या चार पिढ्यांची कादंबरी लिहिताना या चुका टाळा

अशा कादंबरीचे हस्तलिखित बहुधा नावांपाशीच अडखळते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने रामचंद्र विठ्ठल, विठ्ठल रामचंद्र आणि पुन्हा रामचंद्र विठ्ठल अशी साखळी तयार होते आणि नेमका कोणता रामचंद्र बोलतो आहे, हे वाचकाला कळेनासे होते. सुरुवातीला वंशवृक्ष छापून हा गोंधळ मिटत नाही. आण्णा, बापू, तात्या ही घरातली हाक प्रत्येकाला एकदाच नेमून द्यावी. हेळव्याने, म्हणजे घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्याने, सांगितलेली वंशावळ मिळाली तर उत्तमच, मात्र ती मुख्यतः पुरुषांच्या नावांनी पुढे सरकते. बायकांचा शोध त्यांच्या माहेरी जाऊन घ्यावा लागतो.

याहून मोठी चूक म्हणजे साऱ्या शहराला एकाच अमलाखाली धरणे. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, पण शहराला खेटून असलेले शहापूर १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांकडे होते. म्हणजे १९२० साली शहापूरची मुलगी खडेबाजारातल्या घरात दिली, तर ती संस्थानच्या मुलखातून इंग्रजी अमलात येत असे. असा प्रसंग हातचा सोडणे कादंबरीकाराला परवडणारे नाही.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, म्हणून प्रत्येक आजोबांना त्या मंडपात बसवू नये. त्या दिवसांत गिऱ्हाईक वाढेल म्हणून दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवणारा आजोबा अधिक खरा वाटतो.

१ नोव्हेंबर १९५६ या तारखेवर प्रकरण संपवण्याचा मोहही आवरावा. बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेले, परंतु घराला तो बदल पुढे वर्षानुवर्षे शाळेच्या दाखल्यातून, कचेरीतल्या अर्जातून आणि जमिनीच्या कागदांतून कळत गेला. मोडीतले खरेदीखत, बाळबोधातले (देवनागरीतले) वाटणीपत्र आणि कन्नड उतारा एकाच ट्रंकेत ठेवावेत आणि वाटणीच्या वेळी त्यांतला कोणता कागद कोणाला वाचता येतो, यावरच भावाभावांतला प्रसंग उभा करावा.

किरकोळ तपशील शेवटी एकदा ताडून पाहावेत: नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ मध्ये, आणि सरकारदरबारी बेळगावी हे नाव २०१४ चे. संवादांत मात्र सगळ्यांच्या तोंडी पुणेरी मराठी घालू नये, 'काय करूलास?' असे विचारणारी आजी तसेच विचारू द्यावी.