मुलींचं उन्हाळी शिबिर: विषय आपल्याच मांडवातला घ्या

शिबिराचा विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासून पाहा: बायबलमधलं एक वचन, मुलींना हातात धरता येईल अशी एक वस्तू, आणि तासाभराच्या अंतरावरची एक जागा. तिन्ही मिळाल्या तर विषय चार दिवस टिकतो. एखादी नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विषय फक्त बॅनरवर उरतो. ‘समुद्र’ हा विषय नाशिकमध्ये थर्माकोलच्या माशांपुढे जात नाही. ‘राजाच्या कन्या’ ऐकायला गोड वाटतं, पण ते हटकून मुकुट आणि नटण्याकडे घसरतं, आणि दोनच ड्रेस घेऊन आलेली मुलगी पहिल्याच संध्याकाळी मागच्या रांगेत जाऊन बसते.

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांना दोन विषय तर अंगणातच आहेत. पहिला ‘शरण’. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात वसलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. बायबलच्या गणना ३५ मधल्या, हातून चुकून खून झालेल्याला आसरा देणाऱ्या सहा आश्रयनगरांशी हा विषय थेट जोडता येतो. दुसरा विषय योहान १५, म्हणजे येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो अध्याय. पुढची आखणी या दुसऱ्या विषयाची आहे: १३ ते १७ वयाच्या ४० मुली, तीन रात्री, चार दिवस. आकडे तुमच्या संख्येप्रमाणे कमीजास्त करा.

तारीख वेलीला विचारून

मे महिन्यात बागेत द्राक्षं नसतात. पत्रकावर घडांचं चित्र छापून मुलींना बागेत नेलं तर त्यांचा हिरमोड होतो. माल मार्च-एप्रिलमध्ये निघून जातो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. जुनी काडी जवळजवळ तिच्या बुडापर्यंत कापली जाते, बाग उघडीबोडकी दिसते आणि महिनाभरात नवी फूट येते. पुढच्या हंगामात जो घड लागायचा, त्याची सूक्ष्म घडनिर्मिती याच नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, होते, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तर शेतकरी विरळणी करून काडीपर्यंत ऊन पोचेल असं बघतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीशी बोलायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

म्हणजे शिबिर मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवावं. तोवर शाळांना सुट्टी लागलेली असते आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेली बाग हव्या त्या टप्प्यावर येते. मेअखेरीस ठेवलं तर वळवाचा पाऊस, वाऱ्याने उडणारा मंडप आणि रात्रभर गेलेली वीज यांची तयारी करावी लागते. लग्नसराईत हॉल आणि आचारी दोन्ही मिळत नाहीत, त्यामुळे जागा फेब्रुवारीतच पक्की करा.

जागा पाहताना

गाद्या शेवटी मोजा, आधी संडास-बाथरूम मोजा. आठ मुलींमागे एक संडास आणि एक बाथरूम हवं. पाच बाथरूम आणि प्रत्येकीला दहा मिनिटं धरली तरी ४० जणींच्या अंघोळीला ८० मिनिटं लागतात. म्हणून निम्म्या गटांची अंघोळ सकाळी आणि निम्म्यांची संध्याकाळी खेळानंतर ठेवा. हे आधी ठरवलं नाही तर सकाळची उपासना रोज अर्धा तास उशिरा सुरू होते आणि दोष मुलींच्या माथी जातो.

मुली, गट सांभाळणाऱ्या ताया आणि स्वयंपाकघर मिळून ५५ माणसं धरा. माणशी ७० लिटर वापराचं पाणी म्हणजे दिवसाला सुमारे ४,००० लिटर. टाकी केवढी आहे, बोअर मेमध्ये चालतं का आणि टँकर किती वेळात येतो, हे तिघांनी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा. पिण्याचं पाणी माणशी ४ लिटर, म्हणजे २० लिटरचे रोज ११ जार.

दारांच्या कड्या आतून लागतात का, आवारात रात्री उजेड असतो का, पुरुष कर्मचारी कुठे झोपतात, हे संध्याकाळी सातनंतर जाऊन पाहा, दुपारी कळत नाही. जागा गंगापूर धरणाजवळ किंवा नदीकाठी असेल तर पाण्यात पाय बुडवणंही कार्यक्रमात नको.

ताया आणि नियम

आठ-आठ मुलींचे पाच गट आणि प्रत्येक गटाला दोन ताया. त्यातली एक तरी २१ वर्षांच्या वरची असावी. गटांना द्राक्षाच्या जातींची नावं द्या: थॉमसन, सोनाका, शरद, फ्लेम, क्रिमसन. मैत्रिणी-मैत्रिणी एकाच गटात ठेवू नका, पण ज्या मुलीची कुणाशीच ओळख नाही तिच्याबरोबर तिच्या मंडळीतली एकजण असू द्या.

तायांची दोन प्रशिक्षणं घ्या, एक मार्चअखेरीस आणि एक शिबिराच्या आदल्या आठवड्यात. त्यात वचनाइतकाच वेळ सुरक्षेला द्या. कोणतीही मोठी व्यक्ती मुलीबरोबर बंद खोलीत एकटी बसणार नाही. बोलायचं तर व्हरांड्यात किंवा झाडाखाली, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ हे वचन कुठल्याही ताईने देऊ नये. मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि प्रकरण मंडळीच्या कमिटीत ‘मिटवणं’ हा गुन्हा ठरू शकतो. १०९८ (चाइल्डलाइन), ११२ (पोलीस, आपत्कालीन मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे तीन क्रमांक प्रत्येक ताईच्या ओळखपत्रामागे लिहा. रात्रीची जाग दोन पाळ्यांत: दहा ते दोन आणि दोन ते सहा, प्रत्येक पाळीत दोघी.

पालकांच्या संमतिपत्रात दोन फोन नंबर, चालू औषधं, अॅलर्जी, न्यायला कोण येणार त्याचं नाव आणि फोटो काढण्याची वेगळी परवानगी घ्या. एकच सही सगळ्याला नको. फी कमी करायची असेल तर ते फक्त पाळकीणबाई आणि खजिनदार यांनाच माहीत असावं, आणि पावती सगळ्यांना एकसारखी मिळावी. बजेट ४० वर नाही, ३५ वर बसवा. शेवटच्या आठवड्यात चार-पाच नावं गळतातच.

मोबाइल पूर्ण बंद ठेवले तर दुसरा फोन उशीत सापडतो. नाव लिहिलेल्या पिशवीत फोन जमा करा आणि रोज संध्याकाळी सात ते साडेसात परत द्या. पालकांकडे दोन तायांचे नंबर असले की मधल्या वेळेत घरून घाबरलेले फोन येत नाहीत.

चार दिवसांचा धागा

पहिल्या संध्याकाळी खोड, दुसऱ्या दिवशी छाटणी, तिसऱ्या दिवशी मांडव, चौथ्या सकाळी घड. दिवसाला एकच मुद्दा आणि एकच वस्तू.

खोड: मी कुणात राहते, हा पहिल्या संध्याकाळचा प्रश्न. ओळखीचे खेळ, गाणी, वीस मिनिटांचं वचन, बस्स. मुली प्रवासाने दमलेल्या असतात.

छाटणी: बागेची भेट दुसऱ्या दिवशी पहाटे. सव्वासहाला केळं आणि चिक्की देऊन निघा, सातला बागेत, पावणेनऊला परत. दिंडोरी, गिरणारे, ओझर, पिंपळगाव या पट्ट्यात राहत्या जागेपासून चाळीस मिनिटांच्या आतली बाग निवडा. शेतकऱ्याला दोन गोष्टी आधी विचारा: शेवटची फवारणी कधी झाली आणि पुढची कधी आहे. फवारणीनंतर आत जायला किती दिवस थांबायचं ते औषधाच्या लेबलवर असतं. ते पाळा, आणि पाळता येत नसेल तर दुसरी बाग बघा. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट विषारी असते, त्यामुळे काडीला हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

बागेत प्रवचन नको. शेतकरी दादांना किंवा बाग सांभाळणाऱ्या ताईंना दहा मिनिटं बोलू द्या: काय कापलं, का कापलं, काय ठेवलं. विरळणीत तशीही काढून टाकायची एक कोवळी फूट मागून घ्या आणि शेजारच्या वेलीवरच्या एका फुटीला लाल दोरा बांधा. तोडलेली फूट सभागृहात ताटलीत, पाण्याशिवाय ठेवा. मेच्या उकाड्यात ती दुपारपर्यंत मान टाकते. वेलीत राहिल्याशिवाय फांदी फळ देऊ शकत नाही, हे योहान १५ चं चौथं वचन मग संध्याकाळी कुणी समजावून सांगावं लागत नाही.

या दिवसाच्या वक्त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा. छाटणीचा विषय मुलींच्या कपड्यांवर, मोबाइलवर आणि मित्रांवर नेऊ नये. तसं झालं की मुली मनातून दार लावून घेतात. कापणारा स्वर्गातला बाप आहे, मंडळीतल्या काकू नाहीत. मूळ ग्रीकमध्ये ‘छाटणे’ आणि ‘शुद्ध’ हे एकाच धातूचे शब्द आहेत, आणि तिसऱ्या वचनात येशू शिष्यांना तुम्ही शुद्ध झालाच आहात असं सांगतो. हे पुढे ठेवलं तर भीतीऐवजी धीर मिळतो. रात्री लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य वीस मिनिटांत सांगा. त्या इथल्याच, १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर आलेली ताटातूट, मग स्वतः विचार करून घेतलेला निर्णय, आणि लग्नानंतर शिकलेली अक्षरं घेऊन मराठीत उभं राहिलेलं लेखन. मुलींना छाटणीनंतरची फूट दिसते.

मांडव: वेल एकटी उभी राहत नाही, हा तिसरा दिवस मैत्रीचा. दुपारी हस्तकला. छाटलेल्या काड्या पेस्ट लावण्याआधीच ढिगात पडलेल्या असतात. त्या एप्रिलमध्येच मागून घ्या, नाहीतर चुलीला जातात. धुवून चार दिवस उन्हात वाळवा, २० सेंटिमीटरचे १०० तुकडे करा आणि प्रत्येकीला दीड मीटर सुतळी द्या. दोन काड्यांचा क्रूस बांधायला जोडीदारीण लागतेच, एकीने धरायचं आणि दुसरीने बांधायचं. सुतळी ओली करून बांधली तर वाळल्यावर गाठ घट्ट बसते.

संध्याकाळी प्रश्नपेटी. इथे एक काळजी घ्या: सगळ्यांना सारखा कागद, सारखं पेन, आणि प्रत्येकीने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर आजच्या जेवणाबद्दल. नाहीतर लिहिणारी मुलगी उठून दिसते आणि खरा प्रश्न खिशातच राहतो. चिठ्ठ्या आधी दोन तायांनी वाचाव्यात.

घड: शेवटच्या सकाळी गलती ५ मधली आत्म्याची नऊ फळं. त्यातलं एकच निवडून मुलीने घरी जाऊन करायची एक छोटी, ठरावीक गोष्ट लिहायची. या सकाळची वस्तू म्हणजे बेदाणे, एक किलो पुरतात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, विषयाला शोभतं म्हणून ठेवू नका. बऱ्याच मुलींचं त्याआधी लागणारं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं नसतं, तो निर्णय पाळकसाहेबांचा.

रात्री अकरापर्यंत चालणारी, रडवून निर्णय घ्यायला लावणारी सभा कोणत्याही दिवशी नको. दमलेल्या मुलीचा होकार तिसऱ्या दिवशी तिलाच आठवत नाही. शेकोटीही टाळा. मेमधलं वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, कंदील पुरेसे आहेत.

ऊन, पोट, पाळी

मैदानी खेळ साडेनऊच्या आत किंवा पाचनंतर. बारा ते चार सावलीत, त्यातला एक तास सक्तीची विश्रांती. ओआरएसची ३० पाकिटं ठेवा. एक लिटर पाण्याला एक मोठं पाकीट, अर्ध्या पाण्यात अर्धं असा अंदाज नको.

५५ जणांना एका वेळेला तांदूळ साडेपाच किलो, तूरडाळ सव्वादोन किलो, पोळ्यांना कणीक सहा किलो, पोह्यांना पोहे साडेचार किलो आणि रस्स्याला चिकन आठ किलो. नाशिकमध्ये मिसळ हवीच, तिला कोरडी मटकी सव्वादोन किलो. पण मोड आलेली मटकी या उकाड्यात लवकर आंबते. ती ओल्या फडक्यात सैल बांधून थंड जागी ठेवा, सकाळीच शिजवा आणि उरलेली उसळ दुपारी वाढू नका. ताक रोज दुपारी.

चार दिवसांत ४० पैकी दहा-बारा जणींची पाळी येणार हे धरूनच चला. ८० पॅड, जुने वर्तमानपत्र, झाकणाच्या बादल्या, गरम पाण्याची पिशवी. हे प्रत्येक संडासात उघड ठेवा, ताईकडे मागायला लागू नये. पाळीमुळे कुठल्याही मुलीला प्रार्थनेतून किंवा स्वयंपाकघरातून बाजूला बसवायचं नाही, आणि हे पहिल्याच संध्याकाळी मोठ्याने सांगा.

परत बागेत

लाल दोऱ्याच्या फुटीचा पत्ता गटाच्या वहीत लिहून ठेवा: कोणती ओळ, कितवी वेल. पावसाळ्यात एकदा मंडळीत भेटा, आणि फळछाटणीच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याच बागेत जा. छाटणीची नेमकी तारीख प्रत्येक प्लॉटची वेगळी असते, म्हणून शेतकऱ्याला निघतानाच नंबर देऊन ठेवा. तिसरी भेट फेब्रुवारीत, घड उतरवायच्या आधी. त्या दिवशी बसला जास्तीच्या पाटीची जागा ठेवा, बागवाले रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत.